फोरमनचा दहावा

अंक काढणारी मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मी गवार निवडत होते. म्हणाली, "आजी, तुम्ही इतकी वर्षं स्वयंपाकाचं काम केलं. अनुभव लिहा. पण दिवाळी अंक आहे, तर थोडं शुभ लिहा."

मी विचारलं, "मी कसला स्वयंपाक करत होते, ठाऊक आहे तुला?"

तिला वाटलं, लग्नामुंजीचा. मी सांगितलं तशी ती गवारीची शेंग हातात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "तरी पण लिहा."

तर लिहिते. मी चौथी पास आहे. कुठे चुकलं तर त्या मुलीनं नीट करावं, कॉलेजात कशाला गेली होती?

मी जबलपुरात दिवसांचा स्वयंपाक केला. दिवसांचा म्हणजे माणूस गेल्यावरचे दिवस. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध आणि पितृपक्षात तर रोज दोन-दोन घरं. इथली आपली मराठी घरं मूळची नागपूर, वर्धा, अमरावतीकडची. कोणाचा आजा रेल्वेत लागला, कोणाचा बाप कारखान्यात, आणि इथेच राहिले. आता त्यांची नातवंडं भांडतातसुद्धा हिंदीत. पण घरात कोणी गेलं की तेराव्याला आपलेच उडदाचे वडे, आपलीच कढी, तांदळाची खीर, गवार, लाल भोपळा लागतो. हलवाई ते करत नाही. मग मला बोलावणं यायचं.

या धंद्याचे नियम बाहेरच्यांना ठाऊक नसतात, म्हणून सांगते. स्वयंपाक चाखायचा नाही. मीठ हातानं कळलं पाहिजे. कांदा-लसूण नाही. निघताना "येते" म्हणायचं नाही, कारण त्या घरी त्या कामासाठी परत यावं असं कोणाला वाटेल? गपचूप पिशवी उचलायची आणि चालू पडायचं. "पुन्हा बोलवा" तर म्हणायची सोयच नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे या जेवणाची तारीफ कोणी करत नाही. करणार कशी? ज्या घरचा माणूस गेला तिथं बसून "वडे झकास झालेत" म्हणता येतं का? लोक मान खाली घालून खातात. वाढणारी दुसऱ्यांदा आली की हात आडवा धरतात आणि ती पुढे गेली की हळूच बोटानं बोलावतात. मी स्वयंपाकघराच्या दारातून ती बोटं पाहायची. त्यावरून कळायचं, आज वडे कसे झाले ते. नावंही कोणी ठेवत नाही. वडा दगडासारखा झाला तरी लोक दुःखी चेहऱ्यानं चावत राहतात. चेहरा तसाही दुःखीच ठेवायचा असतो.

लग्नाच्या स्वयंपाकाला मला कोणी बोलावलं नाही. मी बाजारात दिसले की बायका रस्ता बदलायच्या. किराणावाल्याकडे उडदाची डाळ मागितली की तो वजन करता करता हळू आवाजात विचारायचा, "किसके यहाँ, अम्मा?" एकदा मी घरच्या इडलीसाठी डाळ घेतली आणि सांगितलं, "हमारे यहाँ." बिचारा संध्याकाळी हार घेऊन आला. नवरा दारातच बिडी ओढत बसला होता. त्यानं हार घेतला आणि देवाला घातला.

पुढे तो खरंच गेला तेव्हा मला त्याच्या तेराव्याचा स्वयंपाक करू दिला नाही. विधवेनं चुलीशी बसू नये, म्हणाले. दुसरीनं केला. कढी पाण्यासारखी होती. मला बोलता आलं नाही, एवढंच वाईट वाटतं अजून.

मुक्या जनावरांसाठीही लोकांनी मला बोलावलं, हे ऐकून अंकवाली मुलगी हसली. हसण्यासारखंच आहे. शहपुऱ्याच्या एका शेतकऱ्याचा बैल गेला. त्यानं तेरावा घातला, पण माणसांना नाही. म्हणाला, माणसांनी त्याच्यासाठी काय केलं? गावातले सगळे बैल जेवायला. मी मोठ्या कढयांत दलिया आणि गूळ शिजवला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत पाहुण्यांनी उघडपणे दुसऱ्यांदा मागितलं ते तेवढंच जेवण. एका बैलानं तर कढईत डोकं घातलं आणि काढेना.

अधारतालच्या एका मास्तरणीचा पोपट गेला. पोपट शिव्या द्यायचा, त्याही तिच्या सासूच्या आवाजात. सासू आधीच गेली होती. मास्तरीण मला म्हणाली, "कमलबाई, सासूबाई गेल्या तेव्हा घर शांत झालं नव्हतं. आता झालं." आणि धाय मोकलून रडली. कशासाठी रडली, मी विचारलं नाही. पेरू आणि हिरव्या मिरच्यांचं पान वाढून आले.

पण खरी गोष्ट सांगायची ती फोरमनची.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर महाराजपुराहून संध्या आली. वैरागडे भाऊंची मुलगी. भोपाळला बँकेत असते. मी तोवर काम सोडलं होतं, गुडघ्यांनी सांगितलं म्हणून. तिला पाहिलं आणि मनात म्हटलं, गेले वाटतं भाऊ.

"मावशी, एक दहावा करायचा आहे," ती म्हणाली.

"कोण गेलं?"

"फोरमन."

"कोणत्या कारखान्याचे?"

"कुत्रा आहे, मावशी. होता."

वैरागडे भाऊ कारखान्यात तयार माल तपासायचे. प्रत्येक नग हातात घ्यायचा, मापायचा आणि सांगायचं, पास की नापास. त्यांचा फोरमन रोज मागे लागायचा, कर रे पास, कर रे पास. भाऊ करायचे नाहीत. सगळी नोकरी त्या भांडणात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी काळं कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं फोरमन. आता मी म्हणेन बस, आणि फोरमन बसेल, हा त्यांचा बेत. कुत्रा एकदाही सांगितल्यावर बसला नाही. दोन्ही फोरमनांनी त्यांचं ऐकलं नाही.

"पप्पा जेवत नाहीत," संध्या सांगू लागली. "चहा, एखादं बिस्किट, बस. शुगर आहे त्यांना, इन्सुलिन घेतात. डॉक्टर म्हणाले, ऐसे ही चला तो भरती करना पड़ेगा. माझी सुट्टी संपून राहिली, परवा जायचं आहे. ते म्हणतात, उद्या दहावा आहे, कावळा शिवला की जेवीन. गुरुजी हसले. आई गेली तेव्हा तुम्हीच केला होता स्वयंपाक. आप बस उनको खिला दो, मावशी."

तेव्हाचं मला आठवत होतं. बायकोच्या तेराव्याला भाऊ ताठ बसून पूर्ण जेवले होते. वडे दोनदा घेतले, बोटानं न बोलावता, सरळ मागून. कॉलनीतल्या बायका महिनाभर बोलत होत्या. आणि आता हा माणूस कुत्र्यासाठी उपाशी.

मीसुद्धा हसले. हसून झालं आणि विचारलं, "पानं किती?"

कावळ्याचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दहाव्याला भाताचा पिंड ठेवतात. कावळा शिवला, म्हणजे चोच लावली, की गेलेल्याचा जीव इथून सुटला असं धरतात. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागे अडकलं आहे. मग घरचे एकेक जण पुढे येऊन शब्द देतात. तुझ्या म्हातारीला सांभाळू, धाकटीचं लग्न करू. नेमका शब्द सापडला की कावळा येतो. तोवर घरात कोणी जेवत नाही.

माझं मत विचाराल तर कावळा भूक लागली की येतो. ग्वारीघाटावरचे कावळे तर इतके लठ्ठ आहेत की पिंड ठेवणाऱ्याच्या हातावरच बसतात. घरी पिंड ठेवायचा असेल तर मी आधीपासून त्या जागी रोज शेव टाकायला लावायची. कावळ्यांना जागेची सवय होते. त्यात मला काही वाईट वाटत नाही. मांडववाला लग्नाच्या आदल्या दिवशी खड्डे खणूनच ठेवतो ना?

इथं मात्र वेळच नव्हता. संध्याला म्हटलं, घाटावर जाऊ, अर्ध्या तासात काम होईल. तिनं डोक्याला हात लावला. "पप्पा नाही म्हणतात. फोरमनला पाणी आवडत नव्हतं. नहलाते थे तो पूरी कॉलनी को पता चलता था. जे काय करायचं ते अंगणातच."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ओसरीच्या पायरीवर काळं कांबळं पडलं होतं, मधे खोलगट, कडांनी उंच. माझा पाय अडखळला. मी म्हटलं, "संध्या, उचल हे. कोणी पडेल."

आतून भाऊंचा आवाज आला, "राहू द्या ते."

संध्यानं माझा दंड धरून मला आत नेलं आणि सांगितलं की दोन वेळा धुवायला घेतलं तर दोन्ही वेळा भांडण झालं. मी म्हटलं, राहू द्या. मला काय, मी ओलांडून जाईन.

भाऊ वाळले होते. शर्टाच्या कॉलरमधून मान चमच्यासारखी दिसत होती. मला पाहून म्हणाले, "आलात, कमलबाई? गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागेवर. तुम्ही काहून जेवून नाही राहिले?"

"जेवीन ना. आज जेवीन."

"कुत्र्याचं सुतक नसतं, भाऊ."

"मी धरलं आहे. कोणाला त्रास आहे का?"

मला नव्हता. मी पदर खोचला. स्वयंपाक काय करायचा, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मुगाची खिचडी. फोरमन रोज तीच खायचा. कुत्र्याला मीठ चालत नाही, डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून बिनमिठाची. आणि दोन भांडी कोण घासणार म्हणून भाऊपण बिनमिठाची खायचे. बायको गेल्यापासून दोघं एका पातेल्यातलं जेवत होते. मी पिंडासाठी भात आणि बिनमिठाची खिचडी वेगळी केली, माणसांसाठी मिठाची, वर कढी आणि थोडे वडे. अंडं माझ्या हातून झालं नसतं, ते भाऊंनी स्वतः उकडलं. फोरमनला रविवारी लागायचं.

केळीच्या पानावर सगळं मांडलं. पिंड, खिचडी, अर्धं अंडं, एक बिस्किट. अंगणात, ओसरीसमोर, जिथं ऊन होतं. सीताफळाच्या झाडाखाली फोरमनला पुरलं होतं, तिथून थोडं अलीकडे. आम्ही मागे सरकून बसलो. समोर तारेवर कावळे होते. मी मोजले नाहीत, पण काम व्हायला पुरेसे होते.

एकही खाली आला नाही.

मी हाका मारल्या, काव काव. शेव भिंतीच्या दोन्हीकडे टाकली. भिंतीपलीकडे टाकलेली शेव लगेच उचलली, अलीकडची नाही. एक कावळा भिंतीपर्यंत आला, अंगणात डोकावला आणि असा उडाला जसं कोणी ढेकूळ मारलं. माझ्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

"काहीतरी अडकलं आहे त्याचं," भाऊ म्हणाले.

ते उठले, पानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुझी साखळी कोणाला देणार नाही." कावळे हलले नाहीत. "दुसरा कुत्रा आणणार नाही." कावळे हलले नाहीत. भाऊ पुटपुटले, "त्याला दुसऱ्या कुत्र्याचं काही नव्हतं. त्याचं भांडण माणसांशीच."

संध्या पुढे आली. ओढणी डोक्यावर घेऊन हात जोडले आणि म्हणाली, "फोरमन, पप्पांची काळजी मी घेईन."

भाऊ मागून म्हणाले, "उद्याचं तिकीट आहे तिचं. तो मानणार नाही."

संध्याचे डोळे भरून आले. मी भाऊंकडे डोळे वटारले. ते आकाशाकडे पाहू लागले.

तेवढ्यात फाटकावर तिवारीजी दिसले. शेजारी. त्यांचं आणि फोरमनचं हाडवैर होतं. फोरमननं त्यांची एक चप्पल पळवली होती आणि ती कधी सापडली नाही. दुसरी त्यांनी पुरावा म्हणून जपून ठेवली होती, भाऊंना दाखवायला. आज ते ती दुसरी घेऊनच आले होते.

"दादा, सुना है कुछ अटका है उसका," ते म्हणाले. "मैंने सोचा, कहीं ये तो नहीं." आणि त्यांनी ती चप्पल पानाशेजारी ठेवली, डोकं टेकवून. "ले भाई, जोड़ी पूरी कर ले. गुस्सा मत रखना."

मी पदरात तोंड लपवलं. भाऊ गंभीर होते. आम्ही सगळे तारेकडे पाहत राहिलो. कावळे चपलेकडे पाहत राहिले.

दुपार व्हायला आली. तेव्हा संध्या माझ्या कानाशी आली. "मावशी, पप्पांनी सकाळी इन्सुलिन घेतलं आहे. हमेशा जितना लेते हैं उतना. नियम म्हणजे नियम म्हणतात. त्यावर जेवले नाहीत तर शुगर एकदम पडते." मी भाऊंचे हात पाहिले. गुडघ्यावर ठेवलेले हात थरथरत होते आणि कपाळावर घाम होता, ऊन फार नसताना.

मी साखरेचं पाणी केलं. "घ्या."

"कावळा शिवल्यावर."

"ऐका माझं, भाऊ. कावळा नाही आला तर दर्भाचा कावळा करतात. गवताची काडी वळायची आणि पिंडाला लावायची. शास्त्रात चालतं. सगळे करतात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांचा जुना फोरमन आहे. "सगळी नोकरी खोटा नग पास केला नाही, कमलबाई. आता याचा करू?"

"मग मराल."

"बघू."

"बघू काय? मेलात तर तुमचं मला करावं लागेल. माझे गुडघे बघा आधी."

संध्या रडायला लागली. तिवारीजी घाबरले. त्यांना घरी जायचं होतं, पण जाताही येईना. ते फाटकाशी गेले, परत आले आणि पायरीकडे हात करून म्हणाले, "दादा, बुरा मत मानना. कौआ आएगा कैसे? वो तो वहीं बैठा है."

"कोण?"

"फोरमन. वो कंबल. दूर से देखो तो वही लगता है, गोल होके सोया है. मैं खुद इतने दिन से उधर से घूम के जा रहा हूँ. आज भी फाटक पे आके रुक गया था, कि काटेगा."

आम्ही सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं. मी तर सकाळपासून ते ओलांडत होते. पण फाटकाशी जाऊन पाहिलं तर खरंच. काळं, गोल, मधे खोल, एका कडेला कानासारखं टोक. आणि या कुत्र्यानं जन्मभर या अंगणात कावळा उतरू दिला नव्हता. मी एवढी कावळ्यांना सवय लावणारी, आणि त्यांना दुसऱ्यानं काय सवय लावून ठेवली आहे, हे डोक्यात आलंच नाही.

भाऊंनी हळूच विचारलं, "म्हणजे कावळ्यांना तो अजून आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"तिवारीलासुद्धा?"

"मुझे भी, दादा."

भाऊंच्या तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणू की काय, मला सांगता येत नाही. छाती जरा पुढे आली. तारेकडे पाहून म्हणाले, "एकाची हिंमत नाही." आणि पुन्हा बसून राहिले. मला कळलं, हा माणूस आता ते कांबळं कधीच उचलणार नाही. जोवर ते तिथं आहे तोवर कावळे आणि तिवारीजी मिळून कुत्रा जिवंत ठेवणार होते.

संध्या म्हणाली, "पप्पा, मी उचलते."

"हात लावू नको."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. गुडघ्यांमुळे बसता येत नाही, नाहीतर बसले असते. म्हटलं, "भाऊ, कावळे फसले. तुमची शुगर नाही फसत. सावित्रीवहिनी गेल्या तेव्हा तुम्ही जेवलात. मी पाहिलं. आता काहून नाही?"

"तेव्हा तो उपाशी होता," भाऊ म्हणाले. "ती गेली त्या दिवसापासून तोंड लावेना. मी जेवायला बसलो तर तो बसायचा. मी उठलो की तोही उठायचा. मग काय करणार? खावं लागलं."

कॉलनीतल्या बायकांना आता कुठे सांगू? अर्ध्या तर गेल्या, त्यांचा तेरावाही मीच रांधला.

शेवटी मी एवढंच म्हटलं, "तो बसून आहे तोवर तुम्हीही बसून राहाल. तुमच्या कारखान्यात पाळी संपल्यावर माणसाला घरी सोडत होते की नाही?"

भाऊ उठले. उभं राहताना डोलले, संध्यानं धरलं, त्यांनी तिला सोडवलं. पायरीपाशी खाली बसले आणि कांबळ्याच्या खोलगट भागावर हात ठेवला. नंतर ते उचललं, झटकलं नाही, केसांसकट घडी घातली. चार कोपरे जुळवून, कडा मापून, पुन्हा एकदा मापून. आत नेऊन पलंगाखाली ठेवलं. बाहेर येऊन नुसत्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "आता पाहा."

पाच मिनिटं काही झालं नाही. मग एक कावळा भिंतीवर आला. डोकं वाकडं करून पायरी पाहिली. भाऊ दिसले, पण भाऊंना कावळे कधी भीत नव्हते. तो सीताफळावर आला, तिथून उडून थेट तिवारीजींच्या चपलेवर बसला. चपलेला एक टोच मारली, दुसरी मारली. तिवारीजींनी श्वास रोखला. मग तो मान लांब करून पिंडाला लागला, भाताचं शीत खाली पाडलं, आणि अंडं उचलून गेला. त्याच्यामागे बाकीचे आले आणि अंगण काळं झालं.

संध्यानं विचारलं, "पप्पा, आधी चपलेला शिवला. चलेगा?"

भाऊंनी पानाजवळ जाऊन पिंड वाकून पाहिला. चोचीची खूण नीट पाहिली. मग म्हणाले, "पास."

मी तोवर ताट वाढलं होतं. साखरेचं पाणी त्यांनी एका घोटात घेतलं, ताट मांडीवर ओढलं आणि मिठाच्या खिचडीचा पहिला घास घेतला. थांबले. तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"खारट आहे."

सांगते ना, इतक्या वर्षांत मला कोणी नावं ठेवली नव्हती. तेराव्याच्या जेवणात कोणी ठेवत नाही. मी म्हटलं, "खारट नाही. बरोबर आहे. तुमची जीभ बिघडली कुत्र्याच्या संगतीनं."

"खारट आहे, कमलबाई. नापास."

"मग टाकून द्या."

त्यांनी टाकलं नाही. सगळं खाल्लं, प्रत्येक घासाला खारट म्हणत. वडेही खाल्ले, ते कडक झाले होते असं म्हणाले. तिवारीजींनी मात्र "अम्मा, क्या बात है" म्हटलं आणि तिसरा वडा उघड मागितला. संध्या भिंतीकडे तोंड करून जेवली.

निघताना मी पिशवी उचलली आणि सवयीनं काही न बोलता फाटकाशी गेले. भाऊंनी मागून आवाज दिला, "येते नाही म्हणत तुम्ही?"

"या कामात म्हणत नाहीत."

"माणसांच्या कामात म्हणत नाहीत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "येते." मला ते बोलायला जड गेलं. तोंडाला सवय नव्हती.

मी गेले नाही. गुडघे. पण आठवड्यानं तिवारीजी स्कूटरवर डबा घेऊन आले. आत खिचडी, बिनमिठाची. निरोप असा, "दादा बोल रहे हैं, खिचड़ी इसको कहते हैं." मी वरून मीठ घेतलं, लिंबू पिळलं, लोणचं लावलं, तेव्हा कुठे उतरली. पण डबा परत रिकामा कसा पाठवायचा? दिवाळी तोंडावर होती. माझ्या हातचं फराळाचं कोणाच्या घरी जात नाही. शेजारणी तोंडदेखलं घेतात आणि मागच्या दारानं गाईला घालतात, मला ठाऊक आहे. गायी मला ओळखतात. तरी मी डब्यात चकल्या भरल्या. गोड त्यांना चालत नाही.

डबा दुसऱ्याच दिवशी परत आला. धुतलेला होता. तिवारीजी स्कूटरवरून न उतरता म्हणाले, "सारी खा गए, अम्मा. बोल रहे थे, नरम थी."

नरम नव्हत्या. त्या कशा खाल्ल्या असतील, त्यांच्या मागच्या दाढा किती उरल्यात, हे मला दहाव्यालाच दिसलं होतं. पण यंदा मोहन थोडं कमी घातलं आहे, म्हणजे आणखी कडक होतील. त्यांना सांगायचं काही कारण नाही.